आवाज भरीव हवा की नुसता मोठा? सायलेंसर निवडण्यापासून बसवण्यापर्यंत

सांगली-मिरज रस्त्याला संध्याकाळी चहाच्या गाड्यावर उभं राहिलं की बुलेट न बघताही तिला कुठल्या जातीचा सायलेंसर लावलाय ते ओळखता येतं. एक जाते कंपनीच्याच सायलेंसरवर, कुणाच्या लक्षातही येत नाही. दुसरीचा आवाज खालच्या पट्टीतला, पोटातून आलेला, पण शेजारी बोलणाऱ्याचं वाक्य तुटत नाही. तिसरी पत्र्याचा डबा बडवल्यासारखी येते आणि चौथी मुद्दाम फटाके फोडत. दुसऱ्याने आणि तिसऱ्याने बहुतेक वेळा पैसे सारखेच मोजलेले असतात. फरक असतो पाईपच्या मापात, आतल्या जाळीत, ग्लासवुलमध्ये (आवाज शोषणारा काचेच्या धाग्यांचा कापूस) आणि बसवणाऱ्याच्या हातात.

हा लेख दुसऱ्या प्रकारचा आवाज हवा असणाऱ्यांसाठी आहे. तिसरा आणि चौथा कसा करायचा ते सांगायला गल्लोगल्ली लोक आहेत.

खिशात हात घालण्याआधी कायदा

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं, की आरसीवर नोंदलेल्या आणि कंपनीने ठरवून दिलेल्या बाबी मालकाला परस्पर बदलता येत नाहीत. २०१९ च्या दुरुस्तीत १८२-अ हे कलम आलं. बेकायदा बदल केल्यास प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. आवाजाची आणि धुराची मर्यादा मोडली तर कलम १९०(२) लागतं. पहिल्याच वेळी १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, शिवाय लायसन्स तीन महिने बाद.

मर्यादा म्हणजे नेमकी किती? नवी गाडी मंजूर होताना ८० सीसीपर्यंत ७५ डेसिबल, ८० ते १७५ सीसीला ७७ आणि १७५ च्या वर ८०. वेग घेत जाणाऱ्या गाडीचा आवाज साडेसात मीटरवरून मोजून हा आकडा काढतात. त्याशिवाय दवाखाना, शाळा, कोर्ट यांच्याभोवतीचा जाहीर केलेला १०० मीटरचा पट्टा शांतता क्षेत्र. मिरजेत तर दवाखान्यांची रांगच आहे. एका शांतता क्षेत्रातून बाहेर पडलात की दुसऱ्यात शिरता.

म्हणून पहिली पसंती कायम एकच: तुमच्या मॉडेलसाठी कंपनीच्याच ॲक्सेसरी यादीत असलेला, मान्यतेचा कागद सोबत मिळणारा सायलेंसर. बाहेरचा घेत असाल तर खोक्यावरची बारीक अक्षरं वाचा. 'फक्त रेसिंगसाठी' किंवा 'ऑफ-रोड वापरासाठी' असं छापलेलं असेल, तर विकणाऱ्याने आपली मान सोडवून घेतली आहे आणि रस्त्यावरची जबाबदारी तुमच्या गळ्यात घातली आहे. गाडी वॉरंटीत असेल तर शोरूमला आधी विचारा. अपघातानंतर विमा कंपनीही अशा बदलावर बोट ठेवू शकते.

आपली गाडी कुठल्या पिढीची?

एप्रिल २०२० नंतरची गाडी म्हणजे बीएस-६, धुराच्या कडक नियमांची. तिच्यात बहुतेक वेळा फ्युएल इंजेक्शन, ऑक्सिजन सेन्सर आणि धुरातला विषारी भाग कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे आपल्या भाषेत 'कॅट', हे त्रिकूट असतं. कॅट कुठे बसवलाय ते आधी शोधायचं. काही गाड्यांत तो बेंड पाईपमध्ये, म्हणजे इंजिनातून निघून सायलेंसरला जाणाऱ्या वाकड्या पाईपमध्ये असतो. इंजिनाखाली पाईप मध्येच जाड झालेला दिसतो, तोच तो. काही गाड्यांत तो थेट सायलेंसरच्या पोटात असतो.

कॅट बेंडमध्ये असेल तर मागचा सायलेंसर बदलताना त्याला हात लागत नाही आणि काम सोपं होतं. कॅट सायलेंसरमध्ये असेल तर साधा सायलेंसर लावणं म्हणजे कॅट काढून टाकणं. अशा गाडीला बाजारातला पाईप लावूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. धूर वाढतो, पीयूसीला त्रास होतो आणि २०२३ पासूनच्या नव्या ओबीडी (स्वतःच्या धुराच्या यंत्रणेवर नजर ठेवणाऱ्या) गाड्यांत मीटरवरचा चेक लाईट पेटून बसतो. मग तो लाईट विझवायला कुणीतरी डमी सेन्सर विकतो आणि एकातून दुसरं दुखणं सुरू होतं.

कार्ब्युरेटरची जुनी गाडी असेल तर हाताने ट्यूनिंग करता येतं, पण ते करावंच लागतं. त्याबद्दल पुढे.

भरीव आवाज येतो कुठून

सिंगल सिलिंडर फोर-स्ट्रोक इंजिन दर दोन फेऱ्यांना एकदा पेटतं. १,००० आरपीएमला स्लोवर उभी असलेली बुलेट मिनिटाला ५०० वेळा, म्हणजे सेकंदाला साधारण आठ वेळा ठोका देते. ते ठोके कानाला सुटे ऐकू येतात, त्यालाच आपण डगडग म्हणतो. ३,००० आरपीएमला हेच ठोके सेकंदाला २५ होतात आणि त्यांची सलग घुमारदार ओळ बनते.

यावरून एक गोष्ट कळते, ती सायलेंसरच्या दुकानात कुणी सांगत नाही. जुन्या कास्ट आयर्न बुलेटचा तो संथ, मोजून घ्यावा असा ठोका नव्या इंजिनातून सायलेंसर बदलून आणता येत नाही. तो ठोका मंद स्लोतून, जड फ्लायव्हीलमधून आणि टायमिंगमधून यायचा. सायलेंसर फक्त त्या ठोक्याचा पोत बदलतो. 'जुन्या बुलेटचा आवाज देणारा पाईप' असं सांगून कुणी हजार-दोन हजार जास्त मागत असेल तर ते पैसे वाचवा.

सायलेंसरच्या आत आवाज मारायच्या पद्धती मुख्यतः दोन. कंपनीच्या सायलेंसरात पत्र्याचे पडदे घालून खोल्या केलेल्या असतात. गॅस एका खोलीतून दुसरीत वळत जातो, लाटा एकमेकींवर आपटून मरतात. बाजारातल्या चांगल्या सायलेंसरात मधून सरळ जाळीची नळी जाते आणि तिच्याभोवती ग्लासवुल ठासलेलं असतं. वुल मुख्यतः वरच्या पट्टीतला आवाज, म्हणजे तो खरखरणारा, कानात टोचणारा भाग शोषून घेतं. खालची पट्टी बरीचशी निघून येते. भरीव आवाज म्हणतात तो हाच. वुल जळून गेलं की तोच सायलेंसर डबा वाजवायला लागतो.

पत्रा पातळ असेल तर तो स्वतःच थरथरतो आणि आवाजात झांज मिसळतो. १८ गेज म्हणजे साधारण १.२ मिमी. २२ गेज म्हणजे जेमतेम ०.७. हातात घेऊन बोटाच्या पेराने टकटक करा. घंटेसारखा टणत्कार आला तर पत्रा पातळ आहे किंवा आत वुल नाही. थप्प असा दबका आवाज आला तर माल भरलेला आहे.

लांबी आणि पोटाचं आकारमान जितकं जास्त, तितका आवाज खाली उतरतो. वीतभर लांबीचे आखूड 'शॉर्टी' दिसायला देखणे असतात, पण वुलला जागाच नसल्यामुळे ते कर्कश होतात. सिंगल सिलिंडर ३५० ला आखूड पाईप मी तरी सुचवणार नाही.

पिकअप किती वाढतो?

फार नाही. नुसता मागचा सायलेंसर बदलून फोर-स्ट्रोक कम्युटर गाडीत दोन-चार टक्क्यांची अपेक्षा धरली तरी ती उदार म्हणायची. जुनी ३४६ सीसी क्लासिक १९.८ बीएचपीची. तिच्यात अर्धा-पाऊण बीएचपी वाढला तरी सीटवर बसून तो कळत नाही. गाडी पळतेय असं वाटतं ते कानामुळे. वजनाचा फायदा मात्र खरा असतो. जुना आणि नवा दोन्ही सायलेंसर धान्याच्या काट्यावर ठेवून बघा. १९५ किलोची गाडी आणि ७५ किलोचा माणूस धरला तर तीन किलो कमी होणं म्हणजे एक टक्क्याहून थोडं जास्त.

'बॅक प्रेशर पाहिजेच दादा, नाहीतर गाडी पळत नाही,' हे वाक्य प्रत्येक गॅरेजमध्ये ऐकायला मिळतं. निरीक्षण बरोबर आहे, कारण चुकीचं. इंजिनाला दाब नको असतो. त्याला हवा असतो गॅसचा वेग आणि योग्य वेळी परत येणारी लाट. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडला की दाबाची लाट पाईपमधून धावते. पाईप जिथे अचानक रुंद होतो तिथून उलटी, ओढून घेणारी लाट परत येते. दोन्ही व्हॉल्व्ह थोडे उघडे असण्याच्या क्षणी ती पोचली तर जळका गॅस ओढून बाहेर काढते आणि हवा-पेट्रोलचं ताजं मिश्रण आत यायला मदत करते. बेंडची लांबी आणि व्यास कंपनीने या हिशेबाने ठरवलेले असतात. मोठ्या व्यासाचा मोकळा पाईप लावला की गॅसचा वेग पडतो, लाट वेळ चुकते, वर मिश्रणही पातळ होतं, म्हणजे त्यात पेट्रोल कमी पडतं. तिन्ही मिळून खालचा टॉर्क जातो. मिस्त्रीला दिसतं ते एवढंच, की पाईप मोकळा केला आणि गाडी मेली.

याचाच दुसरा नमुना म्हणजे बजाजच्या डिस्कव्हर-पल्सरच्या बेंडवरचा तो फुगीर गोळा, कंपनीच्या भाषेत एक्झॉस्टेक. कमी आरपीएमला टॉर्क मिळावा म्हणून तो दिलेला आहे. 'हा फालतू आहे, कापून सरळ पाईप मारतो,' असं कुणी म्हणालं तर गाडी तिथून काढा.

खरोखर पिकअपच हवा असेल तर आधी एअर फिल्टर, चेन, टायरची हवा, व्हॉल्व्ह क्लिअरन्स आणि प्लग बघा. एवढ्यातून मिळणारा फरक पुष्कळदा सायलेंसरपेक्षा मोठा निघतो.

मापं घ्या, मग दुकान

व्हर्नियर कॅलिपर घ्या, नसेल तर कुपवाड एमआयडीसीत कुठल्याही लेथवाल्याकडे मिळेल. बेंडचा जो भाग सायलेंसरात शिरतो त्याचा बाहेरचा व्यास दोन दिशांनी मोजा, कारण जुना क्लॅम्प आवळून पाईप अंडाकृती झालेला असतो. बाजारातल्या बऱ्याच सायलेंसरांचं तोंड ५१ मिमी असतं आणि छोट्या गाड्यांसाठी सोबत रिड्युसर, म्हणजे बारीक करणारी बाही येते. ही बाही टर्निंग करून घट्ट बसणारी हवी. पत्र्याची पट्टी गुंडाळून भरलेली फट दोन आठवड्यांत फुसफुसायला लागते.

मग हँगरच्या, म्हणजे सायलेंसर गाडीला टांगणाऱ्या पट्टीच्या, बोल्टपासून पाईपच्या टोकापर्यंतचं अंतर, मागच्या ॲक्सलचा नट, ब्रेकची दांडी, सेंटर स्टँड आणि पिलियनचं फूटरेस्ट यांच्या जागा फोटो काढून ठेवा. मागे कुणी साडीत एका बाजूला पाय टाकून बसणार असेल तर हीट गार्डशिवायचा उघडा पाईप घेऊच नका. पोटरीला बसलेला चटका आणि साडीला पडलेलं भोक, दोन्हींचा विषय घरात वर्षभर निघत राहतो.

दुकानात जाताना खिशात लोहचुंबक आणि मोबाईलचा टॉर्च असू द्या. चुंबक चिकटला तर साधं लोखंड किंवा ४०९ जातीचं स्टेनलेस. ४०९ वाईट नाही, कंपन्याही ते वापरतात, फक्त वरून तांबूस होतं. चुंबक चिकटला नाही म्हणजे चांगल्या प्रतीचं ३०४ स्टेनलेसच, असं मात्र धरू नका. स्वस्त २०२ स्टेनलेसलाही चुंबक चिकटत नाही आणि ते आपल्या पावसात लवकर डाग धरतं. तिथे बिलावर ग्रेड लिहून मागणं एवढंच हातात आहे. कार्बन फायबरच्या नावाखाली स्टिकर चिकटवलेला पत्रा भरपूर विकला जातो. कडेला नख लावून बघा.

टॉर्च मारून आत बघा. सरळ नळीला सगळीकडे सारखी बारीक भोकं दिसली पाहिजेत. भोकांतून वुलचे केस बाहेर आलेले दिसले तर भरणी खराब आहे. वेल्डिंगची शिवण एकसारखी, बारीक खवल्यांची असेल तर ती आर्गॉनची. डबरे, टिपके आणि वर मारलेला चंदेरी रंग दिसला तर तो नग बाजूला ठेवा. शेवटची टोपी रिव्हेट किंवा बोल्टने बसवलेली असेल तरच घ्या. पूर्ण वेल्ड केलेला सायलेंसर पुढे उघडून भरता येत नाही. आणि डीबी किलर, म्हणजे सायलेंसरच्या तोंडात बसणारी आवाज कमी करणारी नळी, सोबत हवाच.

जुना सायलेंसर घेणार असाल तर आपल्याकडे एक जादा चौकशी: गाडी पुरात होती का? २०१९ आणि २०२१ च्या पुरात कितीतरी गाड्या बुडाल्या. बाहेरून बफिंग मारून चकचकीत केलेला पाईप आतून सडलेला असू शकतो. उभा धरून हलवा. आत खडखडलं किंवा तपकिरी भुगा पडला तर राहू द्या.

काढणं आणि बसवणं

आदल्या रात्री, इंजिन थंड असताना, बेंडच्या नटांवर गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. हेडमध्ये शिरलेला स्टड तुटला तर सायलेंसरपेक्षा मोठा खर्च होतो. म्हणून नट जाम असेल तर एकदम जोर लावू नये. पाव फेरी उलटी, थोडी सुलटी, पुन्हा तेल, असं खेळवत काढायचा. इंजेक्शनच्या गाडीत बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडा आणि ऑक्सिजन सेन्सरचा कनेक्टर हाताने काढा, वायर ओढून नाही. मागचाच सायलेंसर बदलायचा असेल तर बेंडला आणि सेन्सरला हात लावायची गरजच नाही. ते उत्तम.

बेंड काढलाच तर हेडच्या तोंडातली जुनी गॅस्केट रिंग काढून टाका. ती दाबून चपटी होऊन तोंडाला इतकी चिकटलेली असते की ती हेडचाच भाग वाटते. तिच्यावरच नवी बसवली की बेंड तिरपा बसतो आणि कितीही आवळलं तरी गळती राहते. टॉर्च मारून, बोथट टोकाने हळूच उचकटा. ॲल्युमिनियमवर ओरखडा उठू देऊ नका.

बसवताना सगळं आधी सैल लावा. बेंडचे दोन नट बोटांनी, मग सायलेंसर, मग क्लॅम्प, शेवटी हँगरचा बोल्ट. हँगरचं भोक आपोआप समोर आलं पाहिजे. सायलेंसर ओढून-ताणून बोल्ट घालावा लागत असेल तर ब्रॅकेट बदला. ताणात बसवलेला पाईप काही महिन्यांत वेल्डच्या कडेला चिरतो, आणि मग लोक वेल्डिंगवाल्याला नावं ठेवतात.

आवळताना सुरुवात इंजिनाकडून करून मागे जायचं. बेंडचे दोन्ही नट आळीपाळीने थोडे थोडे आवळा. मॅन्युअलमध्ये टॉर्कचा आकडा असेल तर तोच धरा. नसेल तर ६ मिमीच्या स्टडला १० न्यूटन-मीटरच्या आसपास आणि ८ मिमीला २० च्या आसपास पुरतं. अंगठ्याएवढ्या पान्यावर दोन्ही हातांनी लटकलात तर आटे जातात.

चालू करण्याआधी थिनरच्या कापडाने पाईप पुसा. तेलकट बोटांचे ठसे तापल्यावर स्टेनलेसमध्ये कायमचे उमटतात. पहिल्या पाच-दहा मिनिटांत थोडा धूर आणि वास येतोच, घाबरू नका.

गळती तपासायची ती इंजिन नुकतंच, थंडच चालू केलेलं असताना. जाड कापडाची घडी सायलेंसरच्या तोंडावर क्षणभर धरा. दाब जाणवला आणि इंजिन दबलं तर जोड घट्ट आहेत. कुठून फुस्स आवाज आला तर साबणाचं पाणी लावून जागा शोधा. सेन्सरच्या आधीच्या जोडात गळती असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सरला मिश्रण पातळ वाटतं आणि गाडी नाहक जास्त पेट्रोल सोडते. 'पाईप बदलल्यापासून एव्हरेज पडला' या तक्रारीत मी सगळ्यात आधी हेच बघतो. शंभरेक किलोमीटरनंतर थंड इंजिनावर सगळे नट पुन्हा एकदा तपासा.

ग्लासवुल: खरं काम इथे आहे

आवाज बिघडलेला सायलेंसर फेकण्याआधी उघडा. टोपीच्या पॉप रिव्हेटची डोकी त्याच मापाच्या ड्रिलने उडवा. बहुधा ४.८ मिमीचं लागतं. टोपी रबरी हातोड्याने हलके ठोकत सोडवा. आतून येणारं वुल तोंडाशी काळंकुट्ट, दगडासारखं घट्ट आणि इंजिनाकडच्या बाजूला नाहीसंच झालेलं दिसेल. हातमोजे, मास्क आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला. या वुलचे तुकडे कातडीत रुततात आणि खाज दोन दिवस जात नाही. जुना माल पिशवीत बांधून टाका, झाडू मारून उडवू नका.

जाळीची नळी तारेच्या ब्रशने घासा. भोकं कार्बनने बुजलेली असतील तर वुल कितीही चांगलं भरा, आवाज त्याच्यापर्यंत पोचणारच नाही.

आता किती भरायचं? आतला व्यास १०० मिमी, लांबी ३०० मिमी आणि जाळीची नळी ५० मिमी असेल तर मधली जागा पावणेदोन लिटरच्या आसपास भरते. लिटरमागे साधारण १०० ते १५० ग्रॅम या हिशेबाने १७५ ते २६० ग्रॅम वुल लागेल. कमी भरलं तर ते गॅसबरोबर उडून जातं. फार ठासलं तर दगड होतं, त्यात आवाज शिरत नाही. नळीला आधी स्टेनलेस स्टीलच्या वुलचा एक पातळ थर गुंडाळा, मग सायलेंसरसाठी मिळणारं लांब धाग्याचं ग्लासवुल किंवा बेसॉल्ट वुल. छतात घालतात ते पिवळं ग्लासवुल स्वस्त पडतं, पण त्यातला चिकट पदार्थ जळतो आणि महिन्याभरात सगळं संपतं. गुंडाळी सुटू नये म्हणून कागदी मास्किंग टेप लावा. ती पहिल्याच फेरीत जळून जाते आणि वुल फुलून जागा भरतं. टोपी बसवताना उष्णता सोसणारं सीलंट बारीक ओढा आणि स्टीलचे रिव्हेट मारा. ॲल्युमिनियमचे इंजिनाकडच्या टोकाला टिकत नाहीत.

आवाज अजून कमी करायचा असेल तर जास्त लांब, जाळीदार डीबी किलर करून घ्या. नुसतं तोंड बारीक करण्यापेक्षा हे बरं. तो ज्या बोल्टने बसतो त्याला सेफ्टी वायर घाला, नाहीतर घाटात कुठेतरी तो रस्त्यावर पडून जातो.

पेट्रोलचं गणित

इंजेक्शनच्या गाडीत कॅट जागेवर ठेवून मागचा सायलेंसर बदलला, तर सेन्सर लहान फरक सांभाळून घेतो. बेंडसकट पूर्ण सिस्टम बदलली तर फुल थ्रॉटलला तो पुरेसा पडत नाही, कारण त्या वेळी ईसीयू, म्हणजे इंजिनाचा छोटा कॉम्प्युटर, ठरलेल्या नकाशावर चालतो. रस्त्यावरच्या गाडीत इतकं खोलात जाऊ नये.

कार्ब्युरेटरच्या गाडीत प्लग बघा. एका वेगाने काही किलोमीटर चालवा, क्लच दाबून जागेवरच इंजिन बंद करा आणि प्लग काढा. विटकरी-तपकिरी रंग असेल तर ठीक. पांढरा म्हणजे मिश्रण पातळ, इंजिन तापतंय. कार्ब्युरेटरमधला पेट्रोल सोडणारा मेन जेट एक नंबर मोठा घ्या. काळी मऊ काजळी म्हणजे पेट्रोल जास्त. थ्रॉटल सोडल्यावर फटफट होत असेल तर जेटला हात लावण्याआधी बेंडची गॅस्केट बघा, मग स्लो जेट.

ट्यूनिंग सांगलीत, साधारण साडेपाचशे मीटर उंचीवर करा आणि तीच गाडी महाबळेश्वरला साडेतेराशे मीटरवर न्या. हवा जवळजवळ आठ टक्के विरळ झालेली असते, मिश्रण आपोआप घट्ट होतं आणि गाडी जड वाटते. दोन दिवसांच्या फिरण्यासाठी जेट बदलू नका.

चालत्या गाडीची चावी बंद करून पुन्हा चालू करायची आणि फटाके फोडायचे, हा जो नाद आहे, त्यात न जळलेलं पेट्रोल तापलेल्या सायलेंसरात फुटतं. जाळी फाटते, वुल उडतं, कॅट असेल तर तो वितळायलाही लागतो. नाद खुळा म्हणायचं आणि महिन्याने पुन्हा दुकानात उभं राहायचं.

आवाज मोजायचा कसा

गाडी मोकळ्या जागेत, भिंतीपासून लांब उभी करा. सायलेंसरच्या तोंडापासून अर्धा मीटर, तिरप्या ४५ अंशांत, तोंडाच्या उंचीला मोबाईल धरा. ज्या आरपीएमला गाडी जास्तीत जास्त ताकद देते तो आकडा ५,००० च्या वर असेल तर त्याच्या निम्म्यावर इंजिन धरा. ६,१०० ला ताकद देणारी नवी क्लासिक साधारण ३,०५० वर. मोबाईलचं ॲप अचूक डेसिबल सांगत नाही, पण त्याच मोबाईलने आधी कंपनीचा आणि मग नवा सायलेंसर मोजला तर दोघांतला फरक भरवशाचा असतो. हा उभ्या गाडीचा आकडा साडेसात मीटरच्या मर्यादेशी ताडून बघायचा नाही, दोन्ही चाचण्या वेगळ्या आहेत. दहा डेसिबलची वाढ कानाला जवळपास दुप्पट वाटते. मी स्वतः दोन-तीनच्या पुढे फरक गेला तर डीबी किलर बदलतो.

पिकअपही कानाने मोजू नका. सपाट, रिकामा रस्ता, एकच गिअर, ४० ते ६०, मागच्या माणसाच्या हातात स्टॉपवॉच, जाताना एकदा आणि येताना एकदा.

टू-स्ट्रोकवाल्यांनी थांबा

आरएक्स १०० आणि जुन्या येझदीला वरचं बरंचसं लागू नाही. टू-स्ट्रोकमध्ये एक्झॉस्ट व्हॉल्व्ह नसतो. बाहेर निसटू पाहणारं ताजं मिश्रण परत सिलिंडरात ढकलायचं काम सायलेंसरातली उलटी लाटच करते, म्हणून त्याचं फुगीर पोट आणि निमुळती शेपूट हा इंजिनाचाच भाग आहे. तो कापला की ताकद जातेच. अशा गाडीत पिकअप पडला असेल तर सायलेंसर बदलण्याआधी आतली नळी बाहेर काढा आणि तिच्यावरचा तेलकट कार्बन खरवडा. येझदीला दोन सायलेंसर आहेत, दोन्हींचा काढा. कॉस्टिक सोड्यात बुडवणार असाल तर ॲल्युमिनियमचा कुठलाही भाग त्यात जाता कामा नये, आणि डोळ्यांवर चष्मा हवा.

पावसाळा आणि माळ्यावरचा जुना सायलेंसर

पाव किलोमीटरवरच्या दुकानापर्यंत रोज गाडी नेणाऱ्याचा सायलेंसर आतून लवकर सडतो. पेट्रोल जळताना तयार होणारी वाफ तापून बाहेर पडायला वेळच मिळत नाही, ती आतच पाणी होऊन साचते. आठवड्यातून एकदा तरी वीस-पंचवीस किलोमीटर सलग चालवा. खालच्या बाजूला बारीक भोक असेल तर ते पाणी निथळण्यासाठी असतं, बुजवू नका. गाडी पाण्यात बुडाली असेल तर स्टार्टर न मारता आधी प्लग काढा आणि सायलेंसर उतरवून उपडा करा.

कंपनीचा सायलेंसर भंगारात देऊ नका. पंधरा वर्षांनी पुन्हा नोंदणीला गाडी नेताना, विकताना किंवा वॉरंटीचं काम निघालं की तोच लागतो. क्लॅम्प, बोल्ट आणि गॅस्केटसह एका पिशवीत बांधा, आत थोडं तेल फवारा, दोन्ही तोंडांत कापडाचे बोळे घाला, नाहीतर उंदीर घर करतात. आणि बोळे कोंबलेत हे पिशवीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा, म्हणजे दोन वर्षांनी मिस्त्री गाडी चालू का होत नाही ते शोधत बसणार नाही.